मी अडवलेली होडी

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. तुम्ही ज्याला कन्सोल म्हणता, तो. माझा मूळचा राखाडी रंग आता पिवळट पडला आहे आणि झाकण रबराने बांधावे लागते. मित्रांनो, म्हातारी यंत्रे आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. मी सांगणार आहे ती तशी नाही. मला मान असती, तर ती सांगताना खाली गेली असती.

एका दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने माझ्यात सीडी घालून पाहिली, चित्र उमटले, आणि तिने मला खोक्यात बंद केले. पुढे जहाज, मग रेसिफेचे बंदर, मग ट्रक, आणि शेवटी ब्राझीलमधल्या काम्पिना ग्रांदे शहरातले वाल्दोमीरोकाकांचे दुकान. मुले तिथे अर्ध्या तासाचे पैसे देऊन खेळायची. दुकानात आम्ही दोघेच होतो. दुसरा कन्सोल माझ्याहून जुना होता, त्यात सीडी जातच नसे. त्यामुळे मोठा टीव्ही मला मिळाला आणि गर्दीही मलाच मिळाली.

माझे काम कसे चालते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. सीडी माझ्यात गरगर फिरते. तिच्याखाली एक छोटे भिंग असते, ते सीडीवरचे लिखाण वाचते. हे भिंग दोन बारीक रुळांवर सरकते, मधल्या भोकापासून बाहेरच्या काठाकडे. खेळ लहान असेल तर त्याचे लिखाण आतल्या भागातच संपते. मोठा असेल तर भिंगाला रुळांच्या टोकापर्यंत जावे लागते.

आमच्या दुकानात चालायचा तो फुटबॉल. सकाळी फुटबॉल, दुपारी फुटबॉल, शाळा सुटल्यावर तर विचारूच नका. तो खेळ आतल्या भागातच मावत असे. दरवर्षी त्याची नवी सीडी यायची. क्लेबेर नावाचा एक मोठ्या आवाजाचा मुलगा ती पहिल्याच दिवशी लावायचा.

"काका, यात नवीन काहीच नाही. नुसते शर्ट बदललेत," असे तो दरवर्षी म्हणायचा.

"मग गेल्या वर्षीचीच खेळ. ती स्वस्तात देतो."

"वा! माझ्या संघाचा शर्ट बदलला आणि मी जुन्या शर्टात खेळू? लोक काय म्हणतील?"

मुले हसायची. वाल्दोमीरोकाका आणखी दोन सीड्या मागवायचे. गोल झाला की माझ्याभोवती दहा-बारा पोरे एकदम ओरडायची. मला वाटे, ती माझ्यासाठीच ओरडतात.

त्या गर्दीच्या मागे एक मुलगी उभी असायची. तिचे नाव जासियारा. अकरा वर्षांची होती. तिला गोष्टीचे खेळ आवडायचे, ज्यात कुणीतरी कुठेतरी निघते, वाटेत माणसे भेटतात, ती काहीतरी सांगतात. पण ते खेळ इंग्रजीत नाहीतर जपानीत असत. जासियाराला पोर्तुगीज सोडून काही येत नव्हते.

"ही म्हातारी काय म्हणतेय रे?" ती पडद्याकडे बोट दाखवून क्लेबेरला विचारायची.

"मला काय ठाऊक? तलवार मारून बघ. मेली तर शत्रू होती."

"आणि आजी असली तर?"

"तर मेलेली आजी."

एका मार्चमध्ये दुकानात इव्होनेती नावाची बाई आली. रेसिफेच्या एका कंपनीसाठी ती काम करायची. परदेशी खेळांना पोर्तुगीजमध्ये बोलते करायचे, असे ते काम. एका खोलीत तीन माणसे बसून ते करत. त्यांचा पहिलाच खेळ ती स्वतः बसने दुकानादुकानांत पोचवत होती. नदीकाठच्या एका मुलीचा भाऊ नदीवरून वर कुठेतरी गेला आहे आणि ती त्याला शोधायला निघाली आहे, असा तो खेळ होता.

"वाल्दोमीरोदादा, चाळीस दुकानांत ठेवलाय हा," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी परत येते. मागणी दिसली तर दुसरा भागही आपल्या भाषेत करू. नाही दिसली, तर आमच्या खोलीला कुलूप. मालकांनी स्पष्टच सांगितलंय."

"फुटबॉलचा नाही ना हा?"

"नाही."

"मग कठीण आहे, ताई."

त्या शनिवारी जासियाराने अर्ध्या तासाचे पैसे दिले आणि ती सीडी माझ्यात घातली. पडद्यावर पाऊस पडत होता. होडीवाली म्हातारी म्हणाली, "आत ये गं पोरी. भिजलीस किती." तो आवाज इव्होनेतीचाच होता. जासियाराने दचकून मागे पाहिले. मग तिला कळले की बोलणारी पडद्यातच आहे. ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, "आले, आले."

मुलगी होडीत बसली. होडी काठापासून सुटली. आणि मी अडलो.

त्याचे कारण आज मला माहीत आहे. एवढे सगळे बोलणे भरल्यामुळे ती सीडी अगदी काठापर्यंत भरली होती. माझे भिंग मात्र वर्षानुवर्षे फुटबॉलपुरतेच सरकले होते. रुळांच्या बाहेरच्या टोकाला धूळ बसली होती, वंगण सुकून घट्ट झाले होते. भिंगाने दोन धक्के दिले आणि ते थांबले. होडी पाण्याच्या मधोमध गोठली.

"उलटा कर त्याला," कुणीतरी म्हणाले. आमच्या शहरात अडलेल्या कन्सोलवर हा एकच इलाज सर्वांना माहीत होता. जासियाराने मला उलटे केले. होडी वीतभर पुढे गेली आणि पुन्हा थांबली.

"काका, फुटबॉल लावा," क्लेबेर म्हणाला. "हिच्या होडीत बसून आम्हाला झोप यायला लागली."

फुटबॉल लावला आणि मी लगेच चालू लागलो. वाल्दोमीरोकाका म्हणाले, "बघ, यंत्र ठणठणीत आहे. सीडीच खराब निघाली."

मित्रांनो, अडणे माझ्या हातात नव्हते. पण पोरे परत गोळा झाली, आरडाओरडा सुरू झाला, तेव्हा मला बरे वाटले. त्या एकट्या मुलीसमोर चालताना मला कंटाळा आला होता. ते बरे वाटणे माझेच होते. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढचे पाच शनिवार जासियारा आली. दर वेळी तीच होडी, तीच जागा. "काका, ताईंना कळवा ना, सीडी अडते म्हणून," ती सांगायची. काका म्हणायचे, "कळवतो." मग गिऱ्हाईक यायचे आणि ते विसरून जायचे. सहाव्या शनिवारी तिने पैसे दिले नाहीत. नुसती मागे उभी राहिली.

जूनमध्ये इव्होनेती परत आली. सकाळची वेळ होती, जासियारा शाळेत होती. इव्होनेतीने नदीच्या खेळाची डबी फळीवरून उचलली आणि तिच्या कडांवरून अंगठा फिरवला. ज्या डब्या मुले सारखी हाताळतात, त्यांच्या कडा घासून पांढऱ्या पडतात. ही डबी नव्यासारखी चकचकीत होती.

"कुणी मागत नाही?" तिने विचारले.

सीडी अडते, हे सांगायचे काकांच्या ओठांवर आले होते. पण मग तीन महिने कळवले का नाही, असे तिने विचारले असते.

"एक पोरगी मागते," ते म्हणाले. "बाकी सगळ्यांना फुटबॉल."

"सगळीकडे हेच ऐकलं." तिने डबी परत ठेवली. "तिकडे परदेशात फुटबॉलच्या खेळात पन्नास माणसं नुसते खेळाडूंचे केस चितारायला बसवलीत, माहितीये? का नाही बसवणार? डब्या विकल्या जातात. आम्ही तिघंच होतो."

तिची कंपनी फुटबॉलच्या सीड्याही विकायची; काकांनी त्यातल्या दोन घेतल्या. मी तेव्हा टीव्हीवर भरलेले मैदान दाखवत होतो. हजारो प्रेक्षक ओरडत होते. त्या आवाजात इव्होनेती काय पुटपुटली ते कुणाला ऐकू आले नाही.

ती परत आली नाही. खोलीला कुलूप लागल्याची बातमी तेवढी आली.

पाच वर्षांनी दुकानात नवे कन्सोल आले आणि मी माळ्यावर गेलो. जासियारा तोवर यंत्रे दुरुस्त करायला शिकत होती. एका रविवारी तिने काकांकडून मला मागून घेतले आणि त्यांच्याच टेबलावर उघडले. ती बराच वेळ आत पाहत राहिली.

"काका, सीडी खराब नव्हती," ती म्हणाली. "हे रूळ बघा. अर्धे चकचकीत आहेत आणि अर्धे काळे."

काका चष्मा लावून वाकले.

तिने कापसाने रूळ पुसले, वंगणाचा एक थेंब लावला आणि तीच जुनी सीडी घातली. होडी सुटली, आणि पहिल्यांदाच पलीकडच्या काठाला लागली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती खेळत राहिली. शेवटी भाऊ दूरच्या डोंगरावर उभा दिसला आणि पडद्यावर आले, 'पुढची गोष्ट दुसऱ्या भागात.'

"दुसरा भाग कुठाय, काका?"

"आपल्या भाषेत निघालाच नाही."

"का?"

"मी सांगितलं होतं, कुणी मागत नाही म्हणून."

"मी मागत होते."

"हो," काका म्हणाले. "तू मागत होतीस."

मित्रांनो, खेळ बनवणारी माणसे फार दूर असतात. तुमच्या मनात काय आहे ते त्यांना दिसत नाही. तुम्ही काय विकत घेतलेत, तेवढेच त्यांना कळते. त्यावरून ती ठरवतात की पुढच्या वर्षी शर्ट बदलायचे की नदीपलीकडे जायचे. फुटबॉल जरूर खेळा, तो छान खेळ आहे. पण फळीवरची ती चकचकीत डबीही कधीतरी उघडा. एखादा खेळ अडला तर लगेच त्याला खराब म्हणू नका. आधी आपले रूळ तपासा. आणि मागे उभी राहून कुणी एकटी मुलगी काही मागत असेल, तर तिचे मागणे मोजा. आमच्या दुकानात ते कुणी मोजले नाही. मी तर मुळीच नाही.

आता मी जासियाराच्या घरी असतो. तिने दुसरा भाग इंग्रजीतला आणला आहे. शेजारी शब्दकोश ठेवून ती तो धाकट्या बहिणीसाठी खेळते. परवा बहिणीने विचारले, "ताई, ही होडीवाली आजी आता असं का बोलते? तिचा आवाज कुठे गेला?"

जासियाराने टीव्हीचा आवाज बंद केला आणि आजीचे वाक्य आपल्या भाषेत स्वतःच म्हटले. बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले नाही. ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तुम्हाला हे सगळे सांगितले.