साबणाखालची चीर

मी पेट्रोलची नळी बोलतेय. हसलात ना? हसा बापडे. गाडीची गोष्ट सांगायची तर इंजिनाने सांगावी, नाहीतर त्या बोंबल्या हॉर्नने. नळीला कोण विचारतं? कोणी विचारत नाही, म्हणूनच बोलतेय.

पंपावर झाकण उघडून पेट्रोल ओततात ना, ते झाकणापासून टाकीपर्यंत माझ्यातून जातं. हातभर काळं रबर, दोन्ही टोकांना लोखंडी क्लिपा, मुक्काम मागच्या चाकाच्या वर, चिखलात. थेंब न् थेंब मी पोचवते आणि पोट भरतं टाकीचं. टाकी भरली की समोरचा काटा वर चढतो आणि लोक काट्याकडे बघून खूश होतात. माझ्या नावाचा काटा कुठंय?

जळते मी. लपवून काय करू?

दारव्ह्याला संघदीपच्या घरी गाडी आली त्या दिवशी बॉनेटला झेंडूचा हार घातला, डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती बसवली, गल्लीत पेढे वाटले. सीटवरचं प्लास्टिक सहा महिने काढलं नाही, मळेल म्हणून! संघदीपची आई कांताबाई आरसेसुद्धा पदराने पुसायची. माझ्याकडे वाकून पाहिलं ते फक्त एका कुत्र्याने, आणि पुढे त्याने काय केलं ते सांगायला मला लाज वाटते.

गाडी घेतली होती ती संघदीपच्या बाबांसाठी, धर्मपालांसाठी. त्यांचं दर सोमवारी आणि गुरुवारी यवतमाळला डायलिसिस असायचं. बाबा मागच्या सीटवर बसायचे, माझ्या अगदी जवळ. त्यांचा खोकला मला पत्र्यातून ऐकू यायचा. घरी उतरले की तोल सावरायला ते गाडीला हात टेकायचे, तो नेमका पेट्रोलच्या झाकणावर. मग तिथंच दोनदा थोपटायचे. "पोचवलं बाप्पा गाडीनं." म्हणायचे गाडीला, पण थोपटणं मला पोचायचं. तेवढंच माझं होतं, आणि ते मी कोणाला देणार नव्हते.

चौथ्या वर्षी माझ्या वरच्या क्लिपेखाली चीर पडली. खरं सांगते, ती जागा जन्मापासूनच पातळ होती. टाकी काठोकाठ भरली की मी थोडी थोडी पाझरायला लागले.

"संघदीप, मले पेट्रोलचा वास येऊन राह्यला रे," बाबा म्हणाले.

"डिक्कीत फवारणीचा पंप हाय ना बाबा, त्याचा असंन."

शेतावरचा तो पेट्रोलवर चालणारा पंप! दोन महिने त्याचं नाव होत राहिलं. त्याला उन्हात ठेवलं, पुसलं, त्याचं झाकण बदललं. पाझरत होते मी आणि सेवा त्याची! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं संन्याशाचे लाडच चालले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग एका सोमवारी टाकी फुल करून निघालो आणि यवतमाळच्या वाटेवर बोरीअरबजवळ मला आवरलंच नाही. मागच्या चाकावर धार लागली. नाक्यावर किसनसिंगचं गॅरेज होतं. तो गाडीखाली सरकला आणि पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं.

"भाऊ, नळी गेली. माह्याकडे पार्ट नाही. कोनी बिडी पेटवू नका बरं!" त्याने टाकीतलं थोडं पेट्रोल कॅनमध्ये काढून घेतलं आणि धुण्याच्या साबणाची ओली वडी माझ्या मधोमध रगडली. मधोमध, कारण ओघळ तिथं दिसत होता. साबण पसरत क्लिपेपर्यंत गेला. धार थांबली. "हळू जा आन् आजच शोरूमले दाखव."

बाबांचं डायलिसिस वेळेवर झालं. आणि संध्याकाळी फोनवर संघदीप सगळ्यांना काय सांगत होता? "साबनानं वाचवलं!" चार वर्षं वाहिलं मी, आणि नाव साबणाचं.

शोरूममध्ये आयुष नावाचा पोरगेला अधिकारी होता. संघदीपने एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद पुढे केला. मूळ मुदत संपली तरी पुढची दोन वर्षं बिघाड कंपनी दुरुस्त करून देणार, असा तो कागद. आयुषने मला काढून ट्रेमध्ये ठेवलं आणि नाक मुरडलं.

"सर, बाहेर काम केलंय. साबण लावलाय. छेडछाड झाली की क्लेम बसत नाही. पेट्रोलच्या सगळ्या भागांची वॉरंटी रद्द होईल."

"मंग कायले लावला म्हनून इचारा ना! बाप मागं बसला होता माहा. रस्त्यात जळू द्याची होती का गाडी?"

"नियम आहे सर. क्लेम नाकारला तर जुना पार्ट तुम्ही घरी न्या. पास झाला तर तो कंपनीकडे जमा होतो."

वाद पंधरा दिवस चालला. नियमावर नियम, फोनवर फोन. गाडी शेडमध्ये उभी. बाबा काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने यवतमाळला जायचे, सुईने सुजलेला हात छातीशी धरून. तिसऱ्या खेपेला उतरताना चक्कर येऊन पडले. त्या दिवशी कांताबाई स्वतःच शोरूममध्ये आल्या.

"दाखव बाबू ती नळी." हातात घेऊन त्यांनी मला उलटसुलट पाहिलं. "अवो, साबनच हाय ना? साबन तं धुतल्यानं जाते! पानी आन."

पंधरा दिवसांत एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. बाईंनी मला नळाखाली धरलं आणि अंगठ्याने चोळलं, न्हाऊ घालतात तसं. आयुष्यात पहिल्यांदा! मला रडू फुटायचं बाकी होतं.

आणि त्याच क्षणी माझ्या मनात पाप आलं. मी अंग आवळून घेतलं तर चीर दिसणार नाही. क्लेम जाईल आणि मी घरी जाईन. थेट घरात! सीट कधी गेली का घरात? हॉर्न गेला का? बाई मला कशाला तरी बांधतील, फाटकाला, बादलीला, कुठंही. बाबा येता-जाता दिसतील.

पण बाईंच्या हाताला बाबांच्या पट्टीच्या औषधाचा वास होता. त्यांचा चेहरा मला दिसला. मी अंग सैल सोडलं. त्यांनी वाकवताच चीर उघडली, क्लिपेच्या आत, जिथं किसनसिंगचं बोट पोचलंच नव्हतं.

"ही कोनं केली? ही तं तुमच्या क्लिपेखाली हाय."

आयुषने टॉर्च लावली, फोटो काढले, वर पाठवले. दुसऱ्या दिवशी क्लेम पास झाला.

आता मी कंपनीच्या गोदामात खोक्यात पडले आहे, गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधून. पुढच्या महिन्यात सगळं भंगार एकदम जाईल म्हणतात. माझ्या जागी नवीन नळी बसली. बसवताना पाहिली मी तिला. गुळगुळीत, काळीभोर, नाकाचा शेंडा वर. बाबा उतरताना अजून झाकणावर थोपटत असतील, आणि आता ते तिला मिळत असेल. आयतं!

तुमच्यापैकी कोणी दारव्ह्याला गेलात तर तिला माझा एक निरोप द्या. म्हणावं, मी तुझ्यावर जळते, भंगारात वितळेपर्यंत जळेन. पण बाई, फुटायचंच असेल तर मंगळवारी फूट. सोमवारी आणि गुरुवारी मागं बाबा बसलेले असतात.