दोन बोटे माया

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत. रुंदी बोटभर, अंगभर आकडे, आणि तुमचे घर म्हणजे एका माणसाची मान. तो चालेल तिकडे तुम्ही जायचे, तो वाकला की लोंबकळायचे. जमले? मग माझी गोष्ट तुम्हाला कळेल. मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यातली.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथून बहिणींबरोबर गुंडाळी होऊन मी बाजारात आले आणि बाजारातून शिंप्याच्या हातात. त्याने मला नव्या सुनेसारखे निरखून पाहिले, लोखंडी पट्टीशी ताडून घेतले आणि म्हणाला, "ही खोटं बोलत नाही. राहू दे." तेव्हापासून मी त्याच्या गळ्यात पडले ती कायमचीच.

दुकान कसले, गल्लीच्या वळणावरची एक खोली. मध्ये पडदा. पडद्याच्या पुढे मशीन, मागे संसार. शिंपी, त्याची बायको आणि त्यांची मुलगी. मुलगी किडकिडीत आणि बोलायला टोकदार, म्हणून बाप तिला 'टाचणी' म्हणायचा.

आमचे मुख्य काम शाळेच्या गणवेशांचे. शाळा उघडायच्या आधी पोरांची रांग दारापर्यंत लागायची. "पोट आत ओढू नकोस रे, शर्ट तुला घालायचाय, फोटोला नाही," असे म्हणत शिंपी मला त्यांच्याभोवती फिरवायचा. गुदगुल्या झाल्या की पोरे हसत, आणि त्यांच्याबरोबर मीही हलत असे. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्याची एक पद्धत होती. शिवताना तो शिवणीच्या आत दोन बोटे कापड जास्त ठेवायचा. या जादा कापडाला शिंपी लोक 'माया' म्हणतात. मूल वाढले की शिवण उसवायची, माया सोडायची, तोच कपडा पुन्हा अंगाला येतो. दुसरे शिंपी कापड वाचवायला माया चोरत. आमचा शिंपी म्हणायचा, "माया नसलेला कपडा म्हणजे बाह्या लावलेलं पोतं." दूरच्या गल्ल्यांतून लोक त्याच्याकडे याच गोष्टीसाठी येत.

मग साथ आली. शाळा बंद झाल्या. कापून ठेवलेले गणवेश फळीवर तसेच राहिले आणि मी खुंटीवर लटकून त्यांच्याकडे पाहत बसले. बऱ्याच काळाने एकेक गिऱ्हाईक दार वाजवू लागले. पण कोणी नवे शिवायला आले नव्हते. रंगारी पँट घेऊन आला, "कमरेत आवळून दे." मागोमाग फळवाला आला. त्याचेही तेच.

मला कमरा लहान लागू लागल्या. मित्रांनो, मी घाबरले. टेप जुनी झाली की ताणली जाते आणि माणूस असतो त्याहून बारीक दाखवते. माझे दिवस भरले असे मला वाटले. शिंप्यालाही शंका आली. त्याने मला पुन्हा लोखंडी पट्टीशी लावून पाहिले. मी बरोबर होते. माणसेच बारीक झाली होती.

अशातच एका दुपारी फोन वाजला. शिंप्याच्या तोंडात टाचण्या, हातात रंगाऱ्याची पँट, फोन खांद्याने कानाशी दाबलेला. मी गळ्यातच होते, म्हणून मला पलीकडच्या बाईंचे सगळे बोलणे ऐकू आले. साथीमुळे कोणाचे किती नुकसान झाले याची पाहणी चालू आहे, त्यावरूनच मदत कोणाला द्यायची ते ठरेल, असे त्या भराभर सांगत होत्या. नेमके तेवढेच शिंप्याच्या डोक्यात शिरले नाही. मशीनच्या खडखडाटात त्याचा एक कान कामातून गेला होता, आणि फोन त्याच कानाला होता.

"काका, काम चालू आहे का?"

"चालूय की. आत्ताही हातात आहे."

"बरं. आणि अडीअडचणीला काही माया शिल्लक आहे का?"

आता शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. त्याला वाटले, एखादे गिऱ्हाईक आपल्या शिलाईबद्दल विचारते आहे. प्रश्न धंद्याच्या इभ्रतीचा होता.

"म्हणजे काय, ताई. मायेशिवाय माझं काही नसतंच. दोन्ही बाजूंना आहे, खालीसुद्धा दुमडून ठेवलीय."

"अरे वा. किती दिवस पुरेल?"

"दोन वर्षं बघायला नको."

"नशीबवान आहात," बाई म्हणाल्या. फोन बंद झाला.

"कोण होतं हो?" बायकोने पडद्याआडून विचारले.

"नवं गिऱ्हाईक दिसतंय. मायेची चौकशी करत होती."

त्यानंतर शेजारच्या इस्त्रीवाल्याला मदत मिळाली, फळवाल्याला मिळाली. आमच्याकडे कोणी फिरकले नाही. खोलीचे भाडे थकले होते आणि घरमालक येता-जाता मशीनकडे बघू लागला होता. शेवटी शिंपी टाचणीला घेऊन मदतीच्या कचेरीत गेला; मी गळ्यात होतेच. कारकुनाने नोंद शोधली आणि चष्म्यावरून पाहिले.

"तुमच्या गाठीला दोन वर्षांची माया आहे. मग मदत कशाला?"

"साहेब, मी कापडाचं सांगितलं."

"इथे कापडाचा प्रश्नच नाही. माया म्हणजे साठवलेला पैसा. मराठी कळतं ना?"

शिंप्याने सगळे समजावून सांगितले. कारकून आधी हसला, मग त्यालाही वाईट वाटले असावे, कारण त्याने मान खाली घातली. "खरं असेल तुमचं. पण नोंद वर गेली. वर गेलेलं खाली येत नाही."

पुढे एकदा रेडिओवर सांगितले, की छोट्या कारागिरांची शिल्लक अंदाजापेक्षा बरी निघाली. इस्त्रीवाला म्हणाला, "ऐकलंस? तुझ्या चड्ड्यांच्या शिवणीवर देश तगलाय." शिंपी हसला. पडद्याआडून बायको म्हणाली, "हसताय काय? पिठाच्या डब्यात हात घालून बघा, कुठे लागतेय का माया." मग कोणी हसले नाही.

मशीन विकले गेले. घेणाऱ्याने कात्री नेली, इस्त्रीही नेली. मला बोटाने उचलून पाहिले आणि टाकून दिले. "ही राहू द्या. हिला कोण घेतं?" मशीन उचलले, तेव्हा पायांखालची फरशी तेवढीच स्वच्छ निघाली. शिंपी गोदामात पोती उचलायला जाऊ लागला. टाचणीने मला जमिनीवरून उचलून स्वतःच्या गळ्यात घातले.

मित्रांनो, मोजणाऱ्यांवर माझा राग नाही. मी जन्मभर दुसरे काय केले? पण आमच्या धंद्यात माप चुकले आणि कापड वाया गेले, तर शिंपी ते भरून देतो. इथे कोणी काही भरून दिले नाही. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी माणसे मोजायला निघेल. तेव्हा कोणाचे माप लांबून घेऊ नका. जवळ जा, त्याचा शब्द त्याच्या अर्थाने ऐका, मग आकडा लिहा.

त्याच बाईंचा फोन पुन्हा एकदा आला. तो टाचणीने घेतला.

"बाबा आहेत का गं?"

"कामावर गेलेत. पोती उचलायला."

"म्हणजे काम आहे."

"ते शिंपी होते."

"तसं विचारलेलं नाही बाळ इथे. काम आहे की नाही, एवढंच."

"मागच्या वेळचं चुकलं होतं. ते खोडाल?"

"मागची फेरी बंद झाली गं."

"मग येऊन बघा ना."

"घरोघर कसं जमणार? आम्ही फोनवरच विचारतो सगळ्यांना."

"ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना?"

बाई हळूच म्हणाल्या, "ते राहून जातात."

टाचणीने फोन बंद केला नाही. तो हातात धरून ती अनवाणीच गल्लीत उतरली. समोरच्या पायरीवर धुणीभांडी करणारी मावशी बसली होती. साथ आल्यावर तिला सगळ्या घरांनी दार बंद केले होते, आणि तिने सगळ्यांत आधी फोनच विकला होता. टाचणीने तिच्या कानाला फोन लावला.

"मावशी, बोल."

"कोणाशी गं?"

"विचारतायत त्यांच्याशी. सगळं सांग, आणि काय विचारलं ते कळलं नाही तर परत विचारायला लाव."

मावशी आधी नुसतीच हं हं करत राहिली. मग घसा खाकरून बोलू लागली. तोवर टाचणी पलीकडच्या दाराची कडी वाजवत होती.