राहिलं का काही?

सासऱ्यांनी सुनेचं निळं जाकीट अंगात घातलं, पोट आत घेतलं आणि चेन वर ओढली. चेन अर्ध्यावर येऊन अडकली.

"पूर्ण लावा," सून म्हणाली. "वैमानिक असा गबाळा दिसून चालत नाही."

"वैमानिकाने चार घास कमी खावेत. मी पहिल्यापासून सांगतोय." त्यांनी नाकावरचा चष्मा काढून तिच्यापुढे धरला. "हा घाल. त्याशिवाय तू मी कशी होणार?"

तिने चष्मा चढवला. जाड भिंगांमागे खोली विरघळली. समोर एक निळा ठिपका उरला, वर पांढरा शेंडा.

दोघांच्या मध्ये, वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी, तिचा नवरा घड्या घालत बसला होता. पेशाने दातांचा डॉक्टर. अदलाबदलीची कल्पना त्याचीच. आठवडाभर बापाचं आणि बायकोचं भांडण ऐकून त्याचे कान किटले होते. "तुम्ही दोघं आपापलंच दळण दळताय," तो सकाळी म्हणाला होता. "आज एकमेकांचं दळा. माझ्या खुर्चीत बसणारी माणसं निदान तोंड उघडून गप्प तरी राहतात."

भांडण शटलचं होतं. गेल्या वर्षी एक शटल अवकाश स्थानकावरून परत येताना हवेतच फुटलं. आतलं कुणी वाचलं नाही. उरलेली दोन शटल पुन्हा उडवायची की नाही, यावर उद्या समितीपुढे सुनावणी होती. उडवली नाहीत तर स्थानकाला सामान पोचणार नाही. मग ते रिकामं करून समुद्रात पाडायचं, दुसरा इलाज नाही. सासरे शटलच्या कारखान्यातले निवृत्त तपासनीस. ते सांगणार होते, थांबवा. सून शटलची वैमानिक. पुढचं उड्डाण तिचं होतं, आयुष्यातलं पहिलंच. ती सांगणार होती, उडू द्या.

एका घरातून दोन साक्षीदार, दोन दिशांना तोंडं केलेले. "जाऊ मात्र एकाच गाडीने," सासरे म्हणाले होते. "वैर असलं म्हणून पेट्रोल का जाळायचं?"

*

हे आधी सांगायचं राहिलं.

कारखान्यात सासऱ्यांना सगळे 'टकटक' म्हणत. शटलच्या पोटावर उष्णता अडवणाऱ्या फरशा बसवलेल्या असतात. एकीसारखी दुसरी नसते. सासरे प्रत्येक फरशीवर नखाने टकटक करत आणि कान लावत. आवाज भरीव आला की पुढे. पोकळ आला की खडूची फुली. हळूहळू घरातही सगळ्यावर टकटक होऊ लागली. दारं, कुंड्या, एकदा तर पाहुण्याचं प्लास्टर घातलेलं पाऊल.

दुसरी सवय बोलायची. 'तपासणी संपली' असं तपासनिसाने स्वतः म्हणायचं नाही, असा त्यांच्या खात्याचा रिवाज. त्याने मागे वळून जोडीदाराला विचारायचं, "राहिलं का काही?" जोडीदार "नाही राहिलं" म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. तेही घरी आलं. कुलूप लावताना, फोन ठेवताना, ताटावरून उठताना. लग्नाच्या कचेरीत सगळ्यांच्या सह्या झाल्या, हार पडले, फोटो झाले, आणि सासऱ्यांनी वळून नव्या सुनेलाच विचारलं, "राहिलं का काही?"

"नवऱ्याची सही," ती म्हणाली होती.

खरंच राहिली होती. तो हसण्याच्या नादात विसरला होता. त्या दिवसापासून घरात प्रश्न कुणालाही उद्देशून असो, वळून बघितलं जायचं ते तिच्याकडे.

*

"मी अध्यक्ष," नवरा उशीचा अभ्रा झटकत म्हणाला. "तपासनीससाहेब, बोला."

सुनेने घसा खाकरला. सासऱ्यांसारखा, दोनदा. "ज्या यानात बिघाड झाला तर बाहेर पडायला दार नाही, त्यात मी माणूस बसवणार नाही. इंधनाच्या टाकीवर बर्फ धरतो, तो सुटतो, फरशीवर आदळतो. आणि स्थानकाचं म्हणाल तर नावातच उत्तर आहे. स्थानकावर कुणी राहतं का? गाडीची वाट बघतात, गाडी आली की जातात."

"हा विनोद माझा आहे," निळा ठिपका म्हणाला.

"आत्ता माझा आहे."

"अध्यक्षांना विनोद पटलेला नाही," नवरा म्हणाला. "वैमानिकबाई?"

सासरे उठून उभे राहिले. वैमानिकबाई म्हणून त्यांनी हात कमरेमागे नेले, अगदी तिच्यासारखे. ते हे रोज बघतात, हे तिला ठाऊक नव्हतं.

"वाट बघणारी माणसं आहेत म्हणून तर गाडी येते," ते म्हणाले. "वर कुणी उरलं नाही तर वर जायचं कारणच संपेल. आधी वाट बघणारं माणूस लागतं, साहेब. मग गाडी. स्थानक पाडाल तर पुढच्या शंभर वर्षांत कुणी जाणार नाही."

नवऱ्याच्या हातातला अभ्रा तसाच राहिला.

"बाबा, हे मी उद्या वापरणार," सून म्हणाली.

"वापर की. मी तू असताना सुचलं, म्हणजे तुझंच."

ती हसली, पण हरायची सवय दोघांनाही नव्हती. चष्म्यामागे तिने डोळे मिटले आणि सासरे झाली. मघासारखं बोलण्यापुरती नाही, आतून. हा माणूस पुढे काय करेल? टकटक करेल. जिथे सगळ्यांना भरीव वाटतं तिथेच करेल.

"बरं," ती म्हणाली. "स्थानक ठेवू. पण शटल एवढं मोठं कशाला?"

"सामान न्यायचं असतं."

"सामान न्यायला माणूस लागतं का?"

"नाही, पण..."

"मग सामान बिनमाणसाच्या रॉकेटने पाठवा. फुटलं तर डबे फुटतील. माणसं वेगळ्या छोट्या कॅप्सूलमधून पाठवा, रॉकेटच्या अगदी टोकावर बसवून. वरून बर्फ पडायला वर काही नाही. बिघडलं तर कॅप्सूल सुटून लांब उडते. पंख नकोत, हजारो फरशा नकोत. शटल थांबतं, स्थानक राहतं. तुमचंही खरं, माझंही खरं."

"आणि ती चालवणार कोण?" सासऱ्यांनी विचारलं. सून म्हणून विचारलं की सासरे म्हणून, ते कळलं नाही.

"चालवायला कशाला हवं कुणी? आपली आपण जाते, आपली आपण..."

ती थांबली.

खोलीत कपड्यांचा साबणाचा वास होता. नवऱ्याने एका मोज्याला दुसरा शोधायचं सोडून दिलं. शटल विमानासारखं धावपट्टीवर उतरवावं लागतं. इंजिन बंद, दुसरी संधी नाही. ते उतरवायला ती नऊ वर्षं शिकली होती. बनावट कॉकपिटमध्ये, बनावट वाऱ्यात, खऱ्या घामाने. कॅप्सूलला ते नको होतं. कॅप्सूलला ती नको होती.

तिने चष्मा काढला. समोर जाकिटात अडकलेला एक म्हातारा माणूस उभा होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

"कारखान्यात आयुष्य गेलं," ते म्हणाले. "कधी सुचलं नाही. आमच्यात यान म्हणजे वैमानिक. वैमानिकच काढून टाकायचा, हे कुणाच्या मनात यायचं नाही."

"मी तुम्ही असताना सुचलं," ती म्हणाली. आवाज हलका ठेवायला तिला जोर लावावा लागला. "म्हणजे तुमचंच. वापरा उद्या."

"हं."

चेन खाली येईना. शेवटी जाकीट डोक्यावरून ओढून काढावं लागलं. केस विस्कटलेले, एक बाही उलटी. जाताना ते दारात घुटमळले, चौकटीवर नखाने टकटक केली आणि काही न विचारता निघून गेले.

*

हेही राहिलं.

जे शटल फुटलं, त्याची वैमानिक तिची मैत्रीण होती. प्रशिक्षण केंद्रात दोघींची कपाटं शेजारी. मैत्रिणीचं कपाट नीट लागायचं नाही, म्हणून ती आपले बूट हिच्याकडे ठेवायची. त्यातला एक जोड अजून हिच्याकडेच आहे.

शटल फुटलं त्या संध्याकाळी सासरे सुनेच्या खोलीत गेले, कपाटावरचं हेल्मेट उचललं आणि स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलं. तिने कधी परत मागितलं नाही. त्यांनी कधी दिलं नाही.

सुनावणीच्या सकाळी ते दाराशी, तिच्या बुटांशेजारी ठेवलेलं होतं. पुसून. तिला वाटलं, आवराआवरीत निघालं असेल.

*

सुनावणीची खोली लांबट होती आणि माइक गुणगुणत होता. अध्यक्षबाई बारीक आवाजाच्या, पुन्हापुन्हा घशाची गोळी चघळणाऱ्या. पहिल्या रांगेत शटलमध्ये गेलेल्यांच्या घरची माणसं बसली होती. मैत्रिणीची आई मांडीवर पर्स घट्ट धरून होती. सुनेने तिला मान लववली. तिनेही लववली, आणि सुनेच्या जाकिटाच्या अजून अर्ध्यावरच अडकलेल्या चेनीकडे बघून किंचित हसली.

सासऱ्यांनी रुमालातून एक फरशी काढली. अध्यक्षबाईंच्या हातात दिली.

"अगदीच हलकी आहे हो," त्या म्हणाल्या.

"हो. माणसं हिच्या भरवशावर घरी येतात."

मग ते बोलले. सूट त्यांना ढिला झाला होता, पण आवाज कारखान्यातला होता. टेबलाखाली सून एकेक बोट मिटत होती. बर्फ. फरशा. बाहेर पडायला दार नाही. उतरायला दुसरी संधी नाही. मग स्थानकाचा विनोद आला, त्यावर कुणी हसलं नाही. आता कॅप्सूल. आता ते म्हणतील. तिने अंगठा मिटायला तयार ठेवला.

सासरे पाणी प्यायले. रुमालाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"म्हणून सांगतो, थांबवा," ते म्हणाले.

"आणखी काही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही."

तिला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगा, आधी हायसंच वाटलं. नुसत्या 'थांबवा'ने समिती थांबणार नव्हती. एवढं मोलाचं स्थानक समुद्रात कोण टाकतं? दोन-चार दुरुस्त्या सुचवतील, शटल उडेल, त्यात ती असेल. धावपट्टी दिसायला लागेल, खरी. हातात खरा दांडा असेल.

आणि हे सासऱ्यांना कळत नव्हतं असं थोडंच होतं.

सकाळी घराच्या दाराशी ठेवलेलं हेल्मेट तिला आत्ता कळलं. पुसलेलं.

सासरे जागेवर येऊन बसले. समोर बघत. ते बोलणं संपवून उठले होते आणि एकदाही मागे वळले नव्हते. घराचं कुलूप, फोन, ताट, कशालाही न चुकलेलं ते वळणं. बुटाची नाडी सुटलेली नसताना ते वाकून ती बांधायला लागले.

"वैमानिक प्रतिनिधी," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बोला."

ती उभी राहिली. हात आपोआप कमरेमागे गेले. वाट बघणाऱ्या माणसांचं वाक्य तोंडात तयार होतं. पहिल्या रांगेत पर्सवरची बोटं पांढरी पडली होती.

"माझ्याआधी," ती म्हणाली, "त्यांचं एक राहिलंय."

"त्यांनी निवेदन संपवलंय."

"हो. पण राहिलंय."

"काही नाही राहिलं," सासरे वाकल्या-वाकल्याच म्हणाले. कुणी त्यांना विचारलं नव्हतं. माइक नसतानाही ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "सूनबाई, तू तुझं बोल."

खोलीत कुजबुज झाली. साक्षीदार एकाच घरातले आहेत, हे काहींना आत्ता कळत होतं. अध्यक्षबाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"बाबा," सून हळू म्हणाली. "विचारा ना."

ते सरळ झाले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. तरी त्यांना ती स्पष्ट दिसत नसावी. समोरच्या लाकडी कठड्यावर त्यांचं नख टेकलं, पण वाजलं नाही.

मग ते वळले. नेहमी वळत तसे, अख्खे.

"राहिलं का काही?"

"राहिलंय," ती म्हणाली, आणि माइक जवळ ओढला.