मला थांबवणारी गाडी

२०१९ सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट आहे, मित्रांनो. सुरतेजवळच्या कामरेजला एका वेल्डिंगच्या शेडमागे गवतात कलंडलेली जुनी ट्रॉली दिसते ना, ती मीच. माझ्या पाठीवरून शिडाची होडी जायची, हे आता सांगूनही कुणाला खरं वाटत नाही.

मला योगराजभाऊंनी घडवलं. ते मूळचे अमळनेरकडचे. लूमवर काम करायला सुरतेला आले आणि पुढे वेल्डिंग शिकले. तापीकाठी मुलांना शिडाच्या होड्या शिकवणाऱ्या मगनभाईंनी त्यांना माझं काम दिलं. माझा प्रत्येक जोड थंड झाला की योगराजभाऊ त्यावर अंगठा फिरवून पाहायचे. होडीला ओरखडा पडू नये म्हणून त्यांच्या पत्नीने, उज्ज्वलाबाईंनी, माझ्या लाकडी टेकूंवर गोधडीच्या घड्या शिवल्या. त्यांची लेक गायत्री तेव्हा दहा वर्षांची होती. माझ्यावरची होडी पाहूनच तिला पाण्याचं वेड लागलं.

नऊ वर्षं मला मगनभाईंची जीप ओढत होती. दिसायला ओबडधोबड, पण मी आणि होडी मिळून जेवढ्या भरू त्याहून ती जड होती. मला स्वतःचे ब्रेक नाहीत. उतारावर मी मागून रेटायची आणि ती पाय रोवून मला अडवायची. रस्त्यावरचे लोक थांबून आमच्याकडे बघायचे. कौतुक होडीचं व्हायचं, थोडं माझंही. जीपचं कुणी केलं नाही.

त्या फेब्रुवारीत जीपचा गिअरबॉक्स गेला, आणि नेमकी उकाईच्या धरणावर शिडाच्या होड्यांच्या शर्यतीसाठी निवड चाचणी आली. गायत्रीच्या वयाला ती शेवटची संधी होती. अकरा वाजता हजर नसेल त्याचं नाव कापणार होते. मगनभाई लहान होड्या ट्रकमध्ये घालून आदल्या दिवशीच पुढे गेले; गायत्रीची मोठी होडी माझ्यावरच राहिली. जाताना एवढंच बोलले, "भारी गाडी मळे तो ज लई जजो, नहीं तो रेवा दो." म्हणजे जड गाडी मिळाली तरच न्या, नाहीतर राहू द्या.

सकाळी उज्ज्वलाबाईंचा भाऊ लोटू आपला छोटा टेम्पो घेऊन आला. कतारगामच्या बाजारातून साड्यांचे गठ्ठे वाहण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. टेम्पो किती भरला यावरच त्याची मिजास असायची.

गायत्रीने आधी शेडजवळच्या वजनकाट्यावर जायचा हट्ट धरला. काट्यावर मी आणि होडी मिळून अकराशे नव्वद किलो भरलो. टेम्पो एकटा, रिकामा, भरला साडेआठशे.

"मामा, तुझी गाडी हलकी आहे."

"काय वं भाची, दोन टन माल वढस मी. आनि ही तर हवावर चालनारी होडी."

"ओढेल रे. पण थांबवेल का?"

"थांबाले कोन चाललंय? आपले उकाईले जानं शे."

योगराजभाऊ हसले. मला ते हसणं आवडलं नाही. शेजारच्या सुकदेवची जड पिकअप मिळाली असती, पण दुपारी. गायत्री काट्याची चिठ्ठी हातात धरून उभी राहिली. तिने घड्याळ पाहिलं, चिठ्ठीची घडी करून खिशात टाकली आणि हळूच म्हणाली, "चला."

माझी दांडी टेम्पोच्या हुकात अडकवली. टेम्पोचं मागचं अंग खाली दबलं. खरं तर तेवढा भार तिथे हवाच असतो, ट्रॉलीचं नाक जड असलं तरच ती सरळ चालते. पण लोटूला ते बघवेना. शिवाय त्या धंद्यात रिकामा फेरा मारणं म्हणजे लाज. वाटेतल्या व्याऱ्याच्या एका दुकानाचे साड्यांचे गठ्ठे त्याने आदल्या दिवशीच उचलून शेडमध्ये ठेवले होते. टेम्पोत भरतात तसेच, आधी उतरवायचे म्हणून, ते त्याने होडीच्या मागच्या टोकात रचले.

"हाई देखा, गाडी कशी सपाट व्हयनी," तो खुशीत म्हणाला.

टेम्पो सपाट दिसत होता, कारण माझं नाक हलकं झालं होतं. माझ्या दांडीला ते जाणवत होतं, मित्रांनो, पण मला जीभ नाही. गायत्री पुढे मामाशेजारी बसली आणि गठ्ठे सरकू नयेत म्हणून योगराजभाऊ त्यांच्यावर जाऊन बसले. मागचा भार आणखी वाढला.

बारडोलीपर्यंत ठीक चाललं. पुढे मी जराशी डोलू लागले. लोटूने वेग कमी केला की डोलणं थांबायचं. वेळ जात होता, म्हणून तो पुन्हा वेग वाढवायचा. मग रेल्वेवरचा पूल आला. चढ टेम्पोने झोकात चढला. उतारावर मात्र मी त्याला रेटू लागले, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा. लोटूने घाबरून ब्रेक दाबला. त्या हलक्या गाडीला मला अडवता आलं नाही. मीच तिला आडवं केलं. होडी कठड्यावर आपटली. रस्ताभर साड्या उलगडल्या. योगराजभाऊ जागीच गेले; ज्या हाताचा अंगठा माझ्या जोडांवरून फिरायचा, तो हात त्या रंगांमध्ये निश्चल पडला होता. माझा एकही जोड तुटला नव्हता.

लोटूने पोलिसांना सांगितलं, घाई मीच केली. बहिणीलाही तेच सांगितलं. काट्याजवळ "चला" कोण म्हणालं, हे त्याने आजवर तोंडातून काढलेलं नाही. त्याचा पाय गुडघ्यात वाकत नाही. कोसाडला तो खोलीवर बसून साड्यांना लेस लावतो. मगनभाईंनी शिकवणं बंद केलं आणि ते मुलाकडे राजकोटला राहायला गेले. उज्ज्वलाबाईंनी शेड भाड्याने दिली, मला मात्र विकू दिलं नाही. भाऊ भेटायला आला की त्या दार उघडतात, जेवायला वाढतात, पण त्याच्याशी बोलत नाहीत. गायत्री बारडोलीला बँकेत आहे. मामाचं औषधपाणी ती बघते. दिवाळीला शेडमागे येते, माझ्या दांडीवर बसते. एकदा तिने माझ्याजवळ हळू आवाजात म्हणून पाहिलं, "आई, मी म्हटलं होतं चला." मग उठली, आणि आत जाऊन आईला ते न सांगताच परत गेली.

मित्रांनो, माझ्यासारखीला कधी गाडीमागे जोडाल, तर ती गाडी मला ओढेल का, एवढ्यावर थांबू नका. ती माझ्याहून जड आहे का, आणि उतारावर मला थांबवेल का, हे आधी बघा. नसेल, तर होडी घरीच राहू द्या.