पडद्याआडची मैफल

"साडी कोणत्या रंगाची होती, काका?" मोबाइल नरहरींच्या तोंडाजवळ धरत ऋतिकाने पुन्हा विचारलं.

"पांढरी. नाही, मोतिया असेल." नरहरींनी डोळे मिटले. "रंगाचं काय घेऊन बसलीस? आवाज ऐकायला हवा होतास. अजून अंगावर काटा येतो."

ऋतिकाने रेकॉर्डिंग बंद केलं. वसईजवळच्या उमेळा गावात जुन्या रंगमंचाच्या जागी नवं वातानुकूलित नाट्यगृह उभं राहिलं होतं. उद्घाटनाला दाखवायच्या इतिहासाच्या फिल्मचं काम जवळच्याच जूचंद्र गावच्या ऋतिकाकडे आलं होतं. खळ्यावर बांधलेला चौथरा, गणपतीतली नाटकं, नाताळचे प्रयोग, हे सगळं लोक सांगताना घाईघाईने उरकायचे आणि एकाच ठिकाणी येऊन रमायचे. मुंबईच्या मंदाकिनीबाई इथे गायल्या, ती मैफल! पन्नासेक वर्षं झाली तरी तिचं कौतुक सरत नव्हतं. पण कुणाला बाई उंच आठवत, कुणाला ठेंगण्या. कुणी म्हणे गोऱ्यापान, कुणी म्हणे सावळ्या.

त्यात नाट्यगृह समितीच्या देवेशचा रोज फोन. "मॅडम, मैफलीचा किस्सा मेन ठेवा. बाकी शॉर्टमध्ये."

शेवटी वैतागून तिने मंदाकिनीबाईंच्या मुलीचा नंबर मिळवला.

"वसईला? ठरलं होतं खरं," मुलगी म्हणाली. "पण आईची गाडी वाटेतच बंद पडली. ती परत आली. कायम हळहळायची."

ऋतिकाने फोन ठेवला. म्हणजे अख्खा गाव तिला खोटं सांगत होता, आणि तेही इतक्या मनापासून! दोन आठवडे पाण्यात गेले होते.

त्याच तिरीमिरीत ती क्लेमेंटीन आंटीकडे गेली. मैफलीत पेटी आंटीनेच वाजवली होती, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

"आंटी, त्या आल्याच नव्हत्या. मग सगळे बघितल्यासारखं का सांगतात?"

आंटी अंगणातली जांभळं वेचत होती. तिने टोपली खाली ठेवली.

"बघितलं कुणी? पडदा उघडलाच नाही. पडदा ओढणाऱ्या आमच्या मार्कने जाहीर केलं, पडदा अडकलाय, बाई आतूनच गातील. लोक दुपारपासून येऊन बसलेले. त्यांना परत कसं पाठवणार?"

"मग गायलं कोण?"

आंटीने एकदा फाटकाकडे पाहिलं.

"जयवंती. नरहरीची बायको. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यांचा दरारा असा की घरात गुणगुणायचीही चोरी. माझ्याकडे शिवण शिकायला म्हणून यायची नि गाऊन घ्यायची. त्या दिवशीही शिवणाचंच सांगून आली होती."

"आणि काका?"

"तो पुढेच बसला होता. घरी जाऊन तिलाच म्हणाला, तू यायला हवी होतीस."

ऋतिका तिथून थेट नरहरींच्या घरी आली. नरहरी बाहेर गेले होते. जयवंतीकाकू ओट्यावर अळूची पानं पुसत होत्या. ऋतिकाने क्लेमेंटीनचं नाव घेतलं, तेवढ्यानेच त्यांचा हात थांबला.

"सांगितलंन का तिने!" त्या म्हणाल्या. मग पुन्हा पान पुसू लागल्या, जरा जोरातच.

"काकू, सासरे गेल्यावर तरी सांगायचं ना."

"कसं सांगणार? एकदा स्वयंपाकघरात सहज गायले. हे आत आले नि म्हणाले, बरं गातेस, पण मंदाकिनीबाईंची सर नाही." पान फाटलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं. "त्यानंतर तोंडच उघडलं नाही मी. पाहुणा आला की ती मैफल सुरू. मी चहा घेऊन उभी. आधी हसू यायचं. आता नुसता राग येतो गं, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नाही."

ऋतिकाने मोबाइल पिशवीत टाकला. "मी फिल्ममधून हा भागच काढून टाकते. देवेशला सांगते, पुरावा नाही मिळाला."

"काढू नकोस."

काकूंनी पदराला हात पुसले. घसा साफ केला. सूर लावण्याआधी करतात तसा.

"उद्या ये. कॅमेरा घेऊनच ये," त्या म्हणाल्या. "पण हे घरात असतील तेव्हा ये."