उत्तरेची भिंत

"दोरीच लई बारीक देत्यात आता..." चन्नप्पा पुटपुटला. दोरी तीच होती, बारा वर्षांची, चुन्यानं पांढरी पडलेली. तिच्या टोकाचा पितळी ओळंबा भिंतीच्या पायथ्याशी हेलकावत थांबला — भिंतीपासून बोटभर लांब.

बोटभर. कमलम्माने पुन्हा पाहिलं. म्हणजे भिंत वर बाहेरच्या अंगाला झुकली होती.

"बरोबर हाय की?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हाय," ती म्हणाली.

का म्हणाली? ...हे घर बांधून घेणारे साहेब चार हात अंतरावर उभे होते म्हणून. दोन वर्षं ती नवऱ्याचे डोळे झाली होती — डावीकडं जरा, वर घ्या — डोक्यावर गाऱ्याची पाटी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, बायको उगाच टोचतेय. साहेब सोडले तर ठाऊक सगळ्यांनाच होतं. गैबीसाब सुतार तर हल्ली चहाचा कप त्याच्या हातातच देई, समोर ठेवत नसे. पण बोलायचं कुणी? गवंड्याबद्दल ते बोललं की गवंडी संपला.

आणि ही भिंत... लेकीच्या बाळंतपणाला मी जेऊरला गेले, ते आठ दिवस. आठ दिवसांत आख्खी भिंत उठवली ह्यांनी! आल्यावर मी हात फिरवला, तळव्याला काहीतरी कळलं — आणि तळव्याचं ऐकायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

आता त्याच भिंतीवर छत टेकलं होतं. न भाजलेल्या, यंत्रात दाबलेल्या मातीच्या विटांची कमान, ना लोखंड, ना स्लॅब. सिमेंट परमिटवर, तेही मिळेल तेव्हा; पत्र्याखाली सोलापूरच्या उन्हात माणूस शिजतं; माती-चुन्याचं घर गार राहील — साहेबांचं हे म्हणणं तिला पटलंही होतं. आज टेकू काढल्यावर हे घर उभं राहिलं, की कुंभारीत विडीवाल्या बायकांसाठी अशीच चाळीस. चाळीस घरं, आणि त्यांत निजलेली पोरं...

"कमान बांधलीस का उंट बसवलास रे, चन्नप्पा?" गैबीसाब टेकूखालच्या पाचरीशी बसत म्हणाला.

"उंट तर उंट. सावली देतोय की!"

टेकू निघताना बांधणाऱ्यानं खाली उभं राहायचं, ही चन्नप्पाच्या बापाची रीत. चौकट चाचपत तो आत गेला. थांबा — एवढंच तर म्हणायचं होतं. पण थांबा म्हटलं की 'का' येणार, साहेबांसमोर, गड्यांसमोर... एकीकडे छत, दुसरीकडे त्याचा चेहरा. आणि लाज वाटावी अशी गोष्ट, छताची भीती कमी होती.

ती आत जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"तू कशाला?"

"सावलीला."

"वहिनी, बाहेर व्हा," गैबीसाबने हातोडा उचलला. चन्नप्पाचा खरखरीत हात तिच्या मनगटावर आला. मनगट थरथरत होतं. ते तिला त्याच्या हातामुळे कळलं.

"गैबीसाब, ऱ्हाऊ दे. हातोडा खाली ठेव." मग दाराकडे, साहेब असतील असं वाटून, जरा चुकीच्याच बाजूला तोंड करून तो म्हणाला, "ही भिंत मी अंदाजानं बांधलीया, साहेब. मला दिसत न्हाय."

गैबीसाबने हातोडा जमिनीवर ठेवला. कमान डोक्यावर तशीच... कमलम्मा कमानीकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. म्हणजे मघाचं 'हाय' खोटं, हे यानं ओळखलं होतं — आणि त्याआधीची, दोन वर्षांतली तसलीच 'हाय'?