बाबांच्या वजनाच्या स्प्रिंगा

बाबा गेल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्या नावाने एक लांबट खोकं घरी आलं. मुलीने सही करून ते घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. आत तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन स्प्रिंगा होत्या. कशाच्या, हे तिला विचारावं लागलं नाही. बाबांच्या अवजड मोटारसायकलला एक खोड होती. जरा ब्रेक दाबला की तिचं पुढचं चाक धरणारे दोन्ही दांडे खाली बसायचे आणि गाडी नाक खुपसायची. "समोर कुत्रं आलं तरी मुजरा करते ही," असं बाबा म्हणायचे. नव्या, कडक स्प्रिंगा घालायचं त्यांच्या मनात केव्हापासून होतं. शेवटी मागवल्या, तर घ्यायला स्वतःच राहिले नाहीत.

आईने खोक्याकडे पाहिलंही नाही. "परत पाठव. गाडी पैलवानाला द्यायची आहे."

पैलवान म्हणजे चुलतभाऊ. जन्मात कधी कुस्ती खेळला नव्हता; देहाकडे बघून नाव पडलं होतं.

"ठरवलं कोणी?"

"मी. सकाळी दार उघडलं की ती उभी. वाटतं, हे आत्ता बाहेर येतील आणि किल्ली कुठे ठेवलीस म्हणून माझ्यावर खेकसतील. मला नको ती दारात."

"मी चालवीन. मग ती दारात उभी राहणारच नाही."

"तू? फुंकर मारली तर उडशील. ती उचलायला दोन माणसं लागतात."

"बाबा मागे बसायचे तेव्हा चालवलीच होती ना मी?"

"ते मागे होते म्हणून."

मग आईने तोड काढली. या स्प्रिंगा बसवून घे, वर्कशॉपपासून घरापर्यंत एकटी चालवत आण. धड आलीस तर गाडी तुझी. पडलीस तर रविवारी पैलवान घेऊन जाईल. "आणि मग रडायचं नाही."

"नाही रडणार," मुलगी म्हणाली. तशीही बाबा गेल्यापासून ती अजून रडली नव्हती, आणि आईला त्याचीच जास्त काळजी होती.

वर्कशॉप बाबांच्या मित्राचं. सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण गिऱ्हाइकाला ओरडल्याशिवाय त्यांना गाडी दुरुस्त करता येत नसे. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. इंजिनाखाली जॅक लावून त्यांनी पुढचं चाक अधांतरी केलं, आणि दांड्यांवरची टोपणं तिला उघडायला लावली.

"दाबून धर. उडालं ना, तर दात मोजत बसशील."

जुन्या स्प्रिंगा तारेच्या आकड्याने वर काढल्या तेव्हा त्यांच्यातून काळपट तेल ठिबकत होतं. नव्यांशेजारी ठेवल्यावर त्या आखूड दिसल्या, दमलेल्या. मास्तर एक आत सोडायला गेले आणि थांबले. स्प्रिंगेच्या वर नळीचा एक तुकडा बसतो. तो जितका लांब, तितकी स्प्रिंग आधीपासून दाबलेली राहते. चालवणाऱ्याला गाडीवर बसवून, दांडे किती खाली जातात ते मोजून मग तो कापायचा असतो.

"वजन?" मास्तरांनी विचारलं. जिभेची सवय होती ती.

"शहाण्णव," ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली, नळीकडे बघत होती. तिचं स्वतःचं वजन त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त असेल.

"शहाण्णव," मास्तर म्हणाले. "शेवटी शेवटी अठ्ठ्याण्णव असेल. वहिनींना खोटं सांगायचा."

"शहाण्णवच धरा."

त्यांनी नळीवर खूण केली आणि कापली. कोणी कोणाला गाडीवर बसवलं नाही, काही मोजलं नाही. दांड्यांत ताजं तेल भरताना मास्तर दोनदा नाक ओढून म्हणाले, "सर्दी झालीय."

सरळ रस्त्यावर गाडी ठीक वाटली. जरा ताठ, एवढंच. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर रस्ता उखडलेला होता. तिने ब्रेक दाबला. गाडीने मुजरा केला नाही. पुढचा भाग हललाच नाही. चाक खड्ड्यांत उतरायच्या ऐवजी त्यांच्यावरून उड्या मारत गेलं, मग एका उडीत बाजूला सरकलं, आणि ती गाडीसकट आडवी झाली. वेग कमी होता. कोपर सोललं, क्लचचा दांडा वाकला. दोन वाटसरूंनी गाडी उभी करून दिली. पडल्याचं लपवता आलं असतं, पण घरी पोचल्यावर तिने सांगितलं, "पडले."

आई कोपर धुऊ लागली. मग म्हणाली, "वजन कोणाचं सांगितलंस?"

मुलीने कोपर मागे घेतलं.

"मला काय कळतं असं समजू नकोस. वर्षभर जेवताना दुसरं काय ऐकलं मी? जसं वजन तशी स्प्रिंग, जसं वजन तशी स्प्रिंग. भाजी कशी झालीय ते कधी सांगितलं नाही. कोणाचं सांगितलंस?"

"बाबांचं."

"आणि मास्तर काही बोलले नाहीत?"

"त्यांनी दोन किलो वाढवायला सांगितले."

आईला हसू आलं आणि ते अर्ध्यावर भलत्याच आवाजात बदललं. तिने ओला बोळा तोंडावर धरला. "वेडे आहात दोघं," ती म्हणाली. "काढून टाक त्या. तुझ्या वजनाच्या घाल. ठेव गाडी. पैलवानाला मी सांगते."

सांगायचं राहिलं, किंवा आईच्याने सांगवलं नाही. रविवारी पैलवान हजर. गाडी राहतेय हे कळल्यावर त्याने तोंड वाकडं केलं नाही. "बरोबर आहे, ताई. नुसती एक चक्कर मारू?"

तो बसला तशी गाडी थोडी खाली गेली आणि स्थिर झाली. क्लचचा वाकडा दांडा मास्तरांनी बदलून दिला होता; स्प्रिंगा मात्र अजून त्याच होत्या. चक्कर मारून तो परतला तेव्हा चेहरा उजळलेला. "काय बसलीय पुढून! रस्ता नुसता पिऊन टाकते. थांब, काकांना सांगतो..." तो तिथेच गप्प झाला. कान लाल झाले.

"परत जा," मुलगी म्हणाली. "टाकीजवळच्या वळणावर ब्रेक मार. जोरात."

"कशाला?"

"मार म्हणते ना."

ती टाकीपर्यंत चालत गेली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पैलवान आला, खड्ड्यांत शिरला, ब्रेक दाबला. गाडीचं नाक बेताचं खाली गेलं, थांबलं, आणि आपलं आपण वर आलं. बाबांना हेच हवं होतं. टेबलावर हाताने करून दाखवायचे ते. तळहात इतकाच खाली, इतकाच वर.

ती घरी आली तेव्हा पैलवान गाडी लावून आईशी बोलत होता.

"तू घेऊन जा," ती म्हणाली.

"अगं, मी ठेव म्हटलंय ना!" आई म्हणाली.

"माझ्यासाठी त्या काढाव्या लागतील."

"मग काढ! लोखंड आहे ते."

"माहीत आहे."

पैलवान आळीपाळीने दोघींकडे बघत राहिला. मुलीने किल्ली त्याच्या हातात दिली, पुढचं तेल कधी बदलायचं ते सांगितलं, ओल्या रस्त्यावर जपायला सांगितलं. तो निघाला. गाडी रस्त्याच्या टोकाला पोचली तेव्हा तिला वाटलं, हाक मारावी. तोंड उघडलंही. गाडी वळली.

"मारायची होतीस हाक," आई म्हणाली.

"हो," ती म्हणाली, आणि फाटकाला धरून तिथेच खाली बसली.